बंद कुरणातलं गाढव

१५ जानेवारी २०२५, बुधवार. रुस्ताक

गाढव आत आहे.

कुंपण काल संध्याकाळी पुरं झालं आणि आज सकाळी उद्घाटन. अल-हुवैल गावाच्या वरचं चाळीस हेक्टर सरकारी कुरण आता दोन वर्षं बंद. शेळी, उंट, गाढव, काही आत जाणार नाही. गवताला जरा उसंत. सहा वर्षं मी ओमानात लोकांच्या शेळ्या आणि डोंगरातल्या काड्या मोजतेय, पण माझ्या नकाशावरून खरोखर उभं राहिलेलं हे पहिलंच कुरण. सकाळी नवीन अबाया घातला होता, खोटं कशाला बोलू.

मुहंदिस खल्फाननी फीत कापली. ते शेती खात्याच्या इथल्या ऑफिसातले इंजिनियर, सगळ्या मंजुऱ्या त्यांच्या टेबलावरून जातात. फाटकाला कुलूप लागलं. कहवा फिरला, खजूर फिरले. टाळ्या वाजत असताना आमचे ड्रायव्हर जयप्रकाशदादा माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, थंय बघा."

समरच्या काटेरी झाडाखाली एक गाढव उभं होतं. कान हलवत, आमच्याकडे बघत. कुंपणाच्या आतून.

खल्फाननीही पाहिलं. मग त्यांनी फोटोग्राफरला विचारलं, "फोटोत आलंय का?"

आलंय. मधोमध.

१६ जानेवारी

चूक कोणाची ते शोधण्यात दिवस गेला. कुंपणवाले म्हणतात, आम्ही खालून वर येत गेलो, गाढव बहुतेक खडकामागे झोपलं होतं. पाच फूट जाळी. ते उडी मारणार नाही आणि आपण त्याला उचलणार नाही.

फाटक उघडायला तीन सह्या लागतात: खातं, आमची कंपनी आणि चराईवाल्यांचा प्रतिनिधी. तिन्ही नसतील तर किल्ली कपाटाबाहेर येत नाही. कोणी वशिल्याने जनावरं आत सोडू नयेत म्हणून. हा नियम कोणी लिहिला? मी. फार अभिमानाने लिहिला होता.

म्हणजे आता या सगळ्या डोंगरात सगळ्यात सुखी जनावर हेच. शेळ्या बाहेर काटे चघळतायत. आणि हे माझ्या राखलेल्या गवतात एकटंच, वर पाण्याची बादली दादा रोज जाळीवरून सोडणार.

जयप्रकाशदादा चोवीस वर्षं इथे आहेत. देवगडचे. कशाचं नवल वाटत नाही त्यांना. परत येताना म्हणाले, "ह्या गाढव आपल्यापेक्षा शाना आसा."

१९ जानेवारी, रविवार

चराईवाल्यांची प्रतिनिधी म्हणजे शम्सा. सत्तरीची असेल, नक्की तिलाही माहीत नाही. बासष्ट शेळ्या. चेहऱ्यावर बुरखा, पायात मुलाचे जुने बूट. सगळे तिला उम्मी शम्सा, म्हणजे शम्सा आई म्हणतात, मीही.

कागद पुढे केला. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवला. गाढव बाहेर काढण्यासाठी फाटक एकदा उघडणे, वगैरे.

"गाढव सरकारचं गवत खातंय?"

"हो."

"मग खाऊ दे. माझ्या शेळ्यांना नाही म्हणालीस, त्याला तरी हो म्हण."

मी समजावलं, दोन वर्षांनी तुझ्याच शेळ्यांना जास्त चारा मिळेल. ती ऐकत होती. मग म्हणाली, "नकाशा तू काढलास ना? आता चालून दाखव."

"कुठे?"

"शेळ्या पाण्यावर जातात तिथे."

बुधवारी जायचं ठरलं. मला वाटलं, तासाभराचं काम असेल.

२२ जानेवारी

सात किलोमीटर. जाऊन-येऊन चौदा.

आधी शेळ्या झऱ्यावर सरळ जायच्या, खिंडीतून, दीड किलोमीटर. खिंड आता कुंपणाच्या आत. मी रेघ उपग्रहाच्या चित्रावरून मारली होती, त्यात खिंडीत वाट दिसली नव्हती. शेळ्यांची वाट वीतभर रुंद असते, आकाशातून दिसते थोडीच. खाली येऊन बघायला हवं होतं. आले होते, पण गाडीने, आणि गाडी जाते तिथपर्यंतच.

आज कळप आधी जाळीला लागून लागून, मग कड्याला वळसा घालून चालला. एक काळी शेळी जुन्या वाटेच्या तोंडाशी थांबली, जाळीला नाक लावून उभी राहिली, हटेना. शम्साने तिला काठी मारली नाही. कानाला धरून वळवली.

पलीकडून गाढव आमच्याबरोबर चालत होतं. बरोबरीने, आतून. सोबत हवी असेल.

शम्सा वाटेत एवढंच म्हणाली, "आठ दिवसांत दोन गाभडल्या. उन्हाळा अजून लांब आहे असं समजू नकोस, तो दीड महिन्यात येतो."

पायाला तीन फोड.

२३ जानेवारी

सही मागायचं बंद केलं. लाज वाटते.

२८ जानेवारी

खल्फानना खिंडीचं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. माणूस वाईट नाही, फक्त फाईलच्या बाहेर त्याला चालता येत नाही. "मंजूर नकाशा बदलत नाही, निदा. आधी गाढवाचं बघू. गाढव माझ्या साहेबांनी फोटोत पाहिलंय."

त्यांनी वाट काढली. तीन सह्या नकोत. जनावराच्या मालकाने अर्ज केला की माझं जनावर चुकून आत राहिलंय, तर एकट्या खात्याच्या सहीने तासभर फाटक उघडता येतं.

"पण त्याला मालक नाही. सोडलेलं गाढव आहे."

"अर्जात मालकाचा रकाना आहे," ते म्हणाले. "रिकामा असला की कॉम्प्युटर अर्ज घेत नाही. कोणाचंही नाव घाल. एका दिवसाचं काम, मग खलास."

जयप्रकाशदादांकडे पाहिलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

मी माझं नाव घातलं. निदा परकार, मुक्काम रुस्ताक, गाढवं: एक.

३० जानेवारी, गुरुवार

दहा ते अकरा फाटक उघडं होतं. मी, दादा, ऑफिसचे दोघे आणि एक गोणी गाजर.

गाढवाने गाजरं खाल्ली. सगळी. फाटकापासून दोन हातांवर येऊन थांबलं, बाहेरचा डोंगर पाहिला, मागचं गवत पाहिलं आणि परत गेलं. दादांनी दोरी टाकली, ती समरमध्ये अडकली. ऑफिसचा एक जण मागून हुसकायला गेला, तो मांडीवर लाथ खाऊन आला. अकरा वाजता कुलूप लागलं.

दादांनी शोध लावला की गाढव नाही, गाढवीण आहे. पोट बघा म्हणाले. मी म्हटलं, खाऊन फुगलंय.

६ फेब्रुवारी

नोटीस आली. 'श्रीमती निदा परकार, पशुमालक, यांस: आपले जनावर बंद कुरणात चरत असल्याचे आढळले आहे. सात दिवसांत खुलासा करावा.'

त्याच पाकिटात दुसरा कागद. 'श्रीमती निदा परकार, कुरणतज्ज्ञ, यांस: सदर पशुमालकाचा खुलासा समाधानकारक आहे किंवा कसे, याबाबत आपला अभिप्राय कळवावा.'

मस्कतला रमण सरांना फोन केला. सर म्हणजे आमच्या कंपनीचे मॅनेजर, पुण्याचे, सगळं सभ्यपणे बोलणारे. म्हणाले, दोन्ही उत्तरं द्या, पण वेगवेगळ्या पेनने लिहा.

मला वाटलं थट्टा करतायत. नव्हते करत.

९ फेब्रुवारी

खुलासा (निळी शाई): जनावर कुंपणाच्या आधीपासून तिथे होते. कुंपण त्याच्याभोवती घालण्यात आले.

अभिप्राय (काळी शाई): खुलासा खरा आहे. समाधानकारक नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अम्मीचा फोन. मी बोलण्याच्या ओघात सांगून बसले. दापोलीत आता सगळ्यांना कळणार. आधी हसली, मग: "तुझ्या अब्बांनी एक बैल विकून तुला एम.एस्सी. केलं. आता तुझ्या नावावर गाढव. हिशेब बरोबर झाला म्हणायचा."

मग हळूच विचारलं, "खायला नीट मिळतंय ना त्याला?"

१८ फेब्रुवारी

ऑफिसातून मेसेज. मी आता अल-हुवैलची नोंदलेली पशुमालक, सातवी. लसीकरणाला जनावर आणावे. सोमवारी पशुमालकांच्या सभेला हजर राहावे. विषय: कुरणावरील भार कमी करण्यासाठी प्रत्येकाने आपली जनावरे निम्मी करणे.

या सभेत शिफारस वाचून दाखवायला तज्ज्ञ येणार आहे, असंही खाली लिहिलंय. ती मीच.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सभा गावच्या सबल्यात झाली. सबला म्हणजे गावाची बैठकीची खोली, गालिचे, भिंतीला टेकून बसायचं. सहा मालक, सातवी मी. शम्साचा मुलगा हिलाल आईशेजारी. त्याचं खाली वाडीत, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्राकाठी, शेत आहे, शेळ्यांत त्याला रस नाही, पण आईला गाडीतून आणतो.

मी उभी राहून वाचलं. डोंगर किती शेळ्या पोसू शकतो, आज किती आहेत, म्हणून निम्म्या. आकडे खरे आहेत, मी स्वतः काढलेत. एक मीटरची लोखंडी चौकट टाकायची आणि आतलं प्रत्येक रोप मोजायचं. चारशे वेळा. दहापैकी सात चौकटींत नुसती माती होती. हे सांगताना माझा आवाज चढला असेल. ते गवत कोणाच्या बापाचं नाही म्हणूनच सगळे ते खातात आणि कोणी राखत नाही. मला हे मनापासून वाटतं. अजूनही.

खाली बसले. खल्फाननी यादी उघडली. शम्सा, बासष्ट, एकतीस ठेवायच्या. पुढचा, चाळीस, वीस. असं करत माझ्यावर आले.

"निदा. गाढवं एक. निम्मं..."

ते थांबले. बोट रकान्यावर.

"रकान्यात अपूर्णांक जात नाही," ते म्हणाले.

कोणी हसलं नाही. सगळे खरंच विचार करू लागले. एक म्हातारा म्हणाला, सहा महिने ठेवायचं, सहा महिने नाही. दुसरा म्हणाला, तिने दुसऱ्या कोणाशी भागीदारी करावी. खल्फाननी लिहून घेतलं: 'अर्धे म्हणजे शून्य की एक, मस्कतहून मार्गदर्शन मागवणे.' तोवर सगळ्यांचंच निम्मं करणं स्थगित, कारण यादी एकत्रच मंजूर होते.

बाहेर पडताना शम्साच्या बुरख्यातून आवाज आला. मला वाटलं खोकतेय. हसत होती. माझा दंड धरून, वाकून वाकून.

३ मार्च

रमजान. ऑफिस दोनपर्यंत. गेल्या आठवड्यात दोन दिवस पाऊस झाला. पाऊस म्हणजे काय, रस्ता ओला आणि वाडीत घोटाभर गढूळ पाणी, सगळं रुस्ताक मोबाईल घेऊन बघायला.

शम्सा आता सगळा कळप नेत नाही. गाभण शेळ्या घरी ठेवते आणि प्लास्टिकच्या डब्यांतून त्यांच्यासाठी पाणी आणते. रोजा धरून. हिलाल टँकर पाठवतो म्हणाला, तर म्हणे शेळ्या टँकरचं पाणी पीत नाहीत. पितात, मी पाहिलंय. पण ते तिच्या तोंडून वदवायचं कोणी?

आज मी दोन डबे उचलले. दादांनी दोन. तोंडाला कोरड.

६ मार्च

मोजणीचा दिवस. आत जायला मला परवानगी आहे, गोल फिरत्या दरवाजाने. एका वेळी एक माणूस मावेल असा, जनावर नाही.

चौकट टाकली आणि बसूनच राहिले. हिरवं. बोटाएवढं, पण हिरवं. सखबर फुटलंय, आपल्या गवती चहाचं भावंड, चुरडलं की तोच वास. चाळीस चौकटींत अकरा जातींची रोपं. डिसेंबरात तीन होत्या. पन्नास दिवसांत एवढं! गाढवीण खात असूनसुद्धा.

शम्सा बाहेरून जाळीला टेकून बघत होती. मी प्रत्येकाची एकेक काडी तिच्याकडे नेली. तिने जाळीतून बोटं घालून घेतली, हुंगली, नावं सांगितली. अकरापैकी नऊ. एका बारीक निळ्या फुलाच्या रोपाला तिने बराच वेळ हातात धरलं. "माझी आई हे दुधात उकळायची," म्हणाली. "मला वाटलं, ते मेलं."

मग परत खिंडीकडे बघून: "गवत खरं आहे तुझं. वाट खोटी आहे."

९ मार्च

गाढवीण व्याली. शिंगरू. दादांचा पोटाचा अंदाज बरोबर होता.

ऑफिसला कळवणं भाग होतं. खल्फानचा फोनवर स्पष्ट सुटकेचा श्वास: "अल्हम्दुलिल्ला. आता दोन आहेत. निम्मं होतं."

१० मार्च

मस्कतचं मार्गदर्शन आज आलं. 'अर्धे म्हणजे एक.' एक दिवस उशीर. संख्या बदलली म्हणून यादी पुन्हा मस्कतला.

१३ मार्च

शिंगरू उभं राहतं, पडतं, उभं राहतं. मला कामं आहेत. तरी तासभर बघत बसले.

६ एप्रिल, रविवार

ईद झाली. अडतीस अंश. शम्सा परवा वाटेत बसली ती उठेना. हिलालने उचलून गाडीत घातली. रुस्ताकच्या दवाखान्यात सलाईन लावलं. मी भेटायला गेले. म्हणाली, शेळ्यांना कोणी नेलं? मी म्हटलं, मी आणि जयप्रकाश. म्हणाली, काळी कुठे थांबली? मी म्हटलं, जाळीपाशी, रोजच्यासारखी. तिने डोळे मिटले.

घरी आले आणि नकाशा काढला. खिंडीपुरती तीस मीटर रुंद पट्टी सोडायची, दोन्ही बाजूंनी जाळी. कुरण चाळीसऐवजी अडतीस हेक्टर. पट्टीतून शेळ्या झऱ्यावर जातील, आत तोंड घालणार नाहीत. पेन्सिलने वीस मिनिटांचं काम. वीस मिनिटं. डिसेंबरात ती मी दिली नव्हती.

८ एप्रिल

खल्फान: मंजूर नकाशा बदलता येतो, पण एकाच कारणाने. मूळ नकाशात चूक होती असं तो काढणाऱ्याने लिहून द्यावं, आणि मालकांच्या सभेने ठराव करावा.

रमण सर: "निदा, ठराव खुशाल करू देत. पण चूक लिहून देऊ नका. पुढचं टेंडर जूनमध्ये आहे. चूक म्हणू नका, 'सुधारणेला वाव' म्हणा."

खल्फानना विचारलं. 'सुधारणेला वाव' कॉम्प्युटर घेत नाही. रकान्यात फक्त 'चूक' आहे.

१४ एप्रिल, सोमवार

सभा. शम्सा काठी टेकत आली. ठराव तिनेच मांडला: पट्टी सोडा, बाकी कुंपण राहू द्या.

तिघे बाजूने. तिघे म्हणाले पट्टी नको, अख्खं कुंपणच काढा, नाहीतर आहे तसं राहू द्या, आपोआप मोडेल. सहा मालक, तीन-तीन.

खल्फान कागद आवरू लागले. शम्साने काठी गालिच्यावर आपटली. "सात मालक आहेत."

"निदा खात्याच्या कामाची तज्ज्ञ आहे, उम्मी."

"तुझ्याच यादीत तिची दोन जनावरं आहेत. निम्मी करताना ती मालक होती. हात वर करताना नाही?"

खल्फाननी यादी पाहिली. मग म्हणाले, "यादीत आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केला. मग तो खाली घेऊन, त्याच हाताने, त्यांच्या समोरच लिहिलं: 'मूळ नकाशा मी जागेवर न चालता काढला. त्यात चूक आहे. निदा परकार.' अरबीत लिहायला वेळ लागला. 'चूक' शब्दाचं स्पेलिंग हिलालने सांगितलं.

जेवण आज दोन महिन्यांनी नीट गेलं.

२९ एप्रिल

पट्टीचं काम चालू. दुपारी कामगार जेवायला बसले, जाळी उघडी होती. गाढवीण शिंगराला घेऊन सावकाश बाहेर आली, कामगारांच्या मधून गेली, एकाची रोटी उचलली आणि डोंगराकडे निघून गेली. साडेतीन महिने, दोन नोटिसा, एक गोणी गाजर, मस्कतचं मार्गदर्शन. दादा भात खात होते. म्हणाले, "गेला."

४ मे

शेळ्या पहिल्यांदा पट्टीतून गेल्या. सव्वीस मिनिटं लागली. काळी सगळ्यात पुढे. मी शम्साशेजारी चालत होते आणि दोघी जाळीतून आत बघत होतो. गवत गुडघ्याला लागायला आलंय.

झऱ्यावर बसल्यावर ती म्हणाली, "बकरी ईदला पंचवीस विकते."

मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं नाहीये, यादी अजून अडकलीय.

"यादीसाठी नाही. डोळ्यांनी पाहिलं म्हणून. गवत एवढं होतं हे मी विसरले होते. मी विसरले, तर माझ्या नातवंडांनी पाहिलंच नाही." पाण्यात हात घालून बुरख्याच्या कडेने तोंड ओलं केलं. "पण उरलेल्या सदतीसांना हात लावलास, तर बघ."

१२ मे

रमण सरांनी मस्कतला बोलावलं. चहा मागवला. कंपनीला लेखी चूक परवडत नाही, टेंडरमध्ये कागद जोडावा लागतो, करार महिनाअखेर संपेल तो पुढे नेता येणार नाही. वाईट वाटत होतं त्यांना, खरंच. मी म्हटलं, सर, चूक होती. ते म्हणाले, मला माहितीये, पण तुम्ही ती लिहिलीत.

मत्रहच्या बाजारात उतरून अम्मीसाठी चादर घेतली. समुद्राकडे तोंड करून थोडा वेळ बसले. रडले नाही. दादा गाडीत एसी चालू ठेवून थांबले होते.

१५ मे

तिकीट ३० तारखेचं, मस्कत-मुंबई. अम्मी खूश. ये म्हणाली, आंबे संपायच्या आत ये.

नव्या तज्ज्ञाचं काय विचारलं. खल्फान म्हणाले, टेंडर झाल्यावर. कधी? इन्शाल्ला. तोवर कुंपण कोण बघणार, रोपं कोण मोजणार? त्यांनी हात पसरले. कुलूप आहेच, म्हणाले.

२१ मे

देश सोडण्यापूर्वी नावावरची जनावरं दुसऱ्याच्या नावावर करावी लागतात. दोन गाढवं, ठावठिकाणा नाही. खल्फाननी सुचवलं, शम्साच्या नावावर करू. तिला फोन केला. म्हणाली, नको, घाई करू नकोस, हिलालला घेऊन मी येते. मला वाटलं गाढवं नको असतील. कोणाला हवीत?

२५ मे, रविवार

सहा वर्षांचं सामान दोन बॅगांत बसलं. चौकट दादांना दिली. ते म्हणाले, मी काय करू हिचं? मग पुसून गाडीत ठेवली.

२७ मे

शम्सा आणि हिलाल आले होते. हिलालच्या शेताच्या परवान्यावर परदेशी माणूस नोकरीला ठेवायची एक जागा रिकामी आहे. तिथे मला ठेवायला सहाही मालकांनी अंगठे-सह्या दिल्यात, विरोधातल्या तिघांनीसुद्धा. पगार सगळे मिळून देणार. परवान्यावर धंदा एकच बसतो, कॉम्प्युटर दुसरा घेत नाही: गुराखी.

तिकीट रद्द केलं. अम्मीला उद्या सांगेन.

कागदावर लिहिलंय, अर्बाब, म्हणजे मालक: शम्सा. काम: दोन वर्षं बंद कुरणात कोणाचंही जनावर शिरू न देणे. शम्साने त्याखाली हिलालकडून एक ओळ वाढवून घेतली. 'माझंही.'